शाळेतील कविता आणि मुलांचे दुःख

दसरा उलटून गेला आणि साखर कारखान्यांच्या गाळपाची वर्दी आली, की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतील गावेच्या गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला त्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात, ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील उसाच्या फडाकडे निघते, आणि मागे उरलेली मुले आजीच्या, चुलत्याच्या किंवा शासनाच्या हंगामी वसतिगृहाच्या हवाली होतात. ही मुले शाळेत येतात. हजेरीपत्रकात त्यांची हजेरी लागते, पोषण आहाराच्या नोंदवहीत त्यांचे ताट मोजले जाते, शिष्यवृत्तीच्या यादीत त्यांचे नाव चढते. सरकारी दप्तराला जे जे मोजता येते, त्याची त्याची नोंद होते. परंतु पाच-सहा महिने आईवाचून राहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मनात रात्री काय चालते, तिला कशाचे भय वाटते, आई परत येईल हे ती कोणत्या खुणेवरून ताडते, याची विचारपूस करणारा रकाना कोणत्याही नोंदवहीत नाही, आणि तो असावा असेही मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या शाळेत हे मूल दिवसाचे पाच-सहा तास बसते, त्या शाळेच्या हाती या दुःखाला वाट करून देणारे एक साधन आहे. ते साधन म्हणजे कविता. आणि आपण ते केवळ परीक्षेच्या कामी जुंपून ठेवले आहे.

ऊसतोडीचे उदाहरण मी प्रथम घेतले, कारण तेथे वियोग दरवर्षी ठरल्या वेळी येतो आणि तरीही शाळा त्याची कसलीच पूर्वतयारी करीत नाही. एरवी कर्जापायी बाप गमावलेली विदर्भ-मराठवाड्यातील मुले, महासाथीत आई किंवा वडील, क्वचित दोघेही गेलेली मुले, दारूच्या भांडणांपायी रात्र जागून काढणारी वस्तीतील मुले, आणि घरात कशाचीही ददात नसताना आईवडिलांच्या घटस्फोटाच्या दाव्यात ‘तुला कोणाकडे राहायचे’ या प्रश्नाला सामोरी जाणारी शहरी मुले, ही सारी वर्गात शेजारीशेजारी बसलेली असतात. ‘लहान आहे, विसरून जाईल’ हे वाक्य आपल्याकडे मर्तिकाच्या घरी हमखास ऐकू येते. मूल विसरत नाही. ते गप्प होते, आणि त्या गप्प होण्यालाच आपण विसरणे समजतो. मुलगा असेल तर ‘आता घरातला कर्ता तू’ असे सांगून त्याच्या रडण्यावर आपण आणखी एक धोंडा ठेवतो. त्याला सरळ विचारले, की ‘तुला वाईट वाटते का रे?’, तर उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि ते खोटेपणाने दिलेले नसते: जे वाटत आहे त्याला त्याच्यापाशी अजून शब्द नसतात, आणि शब्द असले तरी ते मोठ्या माणसापुढे उच्चारल्यावर पुढे काय घडेल याचा त्याला अदमास नसतो.

हीच अडचण आपल्या आज्या-पणज्यांचीही होती. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराचा मृत्यू, नवऱ्याची बेपर्वाई यांविषयी घरात तोंड उघडण्याची ज्यांना मुभा नव्हती, त्या स्त्रिया पहाटेच्या अंधारात जात्यापाशी बसून हे सर्व बोलत होत्या, आणि बोलत होत्या त्या ओवीत. या गोष्टीचे कौतुक आपण पुष्कळ केले. तिच्यातील मर्म मात्र शिक्षणाच्या कामी कधी लावले नाही. ओवीचा साचा तयार होता. आरंभ कोठून करावा याची चिंता त्या बाईला करावी लागत नव्हती. जात्याला, विठ्ठलाला, दूरच्या भावाला हाक मारून सुरुवात करण्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. लय जात्याच्या फेऱ्याने पुरविली होती. अक्षरसंख्येबाबत ओवी उदार असल्याने मनातले चार शब्द अधिक झाले तरी ती मोडत नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की जे बोलले ते गाणे असल्यामुळे त्याचा जाब कोणी विचारू शकत नव्हते. सासूच्या कानी पडलेच, तर ती ओवी सगळ्याच बायका म्हणतात, असे म्हणून मोकळे होता येत होते. म्हणजे त्या साच्याने दुःखाला आकार दिला, आणि ते दुःख सांगणारीला आडोसाही दिला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या मोठ्या ममतेने एकत्र केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्यांची नोंद केली. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात आलेले वैधव्य त्यांनी शेतात आणि जात्यावर गाण्यांतून बोलून दाखविले, आणि चिरंजीव सोपानदेव यांच्यापाशी असलेली ती गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकारामुळे १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतरच्या वर्षी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली नसती, तर मराठी भाषा किती दरिद्री राहिली असती याची कल्पनाही करवत नाही. विजेची गिरणी आली आणि बायकांच्या हातांना विसावा मिळाला, हे उत्तमच झाले. परंतु त्या पहाटेच्या बोलण्याची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली, असे मला दिसत नाही, आणि मुलांसाठी तर ती जागा केव्हाच नव्हती.

आपल्या साहित्यशास्त्राने या व्यापाराचा विचार फार पूर्वी केलेला आहे. क्रौंचवधाने व्यथित झालेल्या वाल्मीकीचा शोक छंदात उमटला, या कथेपासूनच आपण काव्याचा उगम सांगतो. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाचा आशय असा, की काव्यात आलेली भावना एका व्यक्तीची खाजगी मालमत्ता राहत नाही. ती ‘माझी’ किंवा ‘त्याची’ या कक्षेतून सुटते, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. हा सिद्धांत रसिकाच्या बाजूने मांडला गेला असला, तरी दुःखी मुलाच्या बाबतीत तो मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. ‘मला आईची आठवण येते’ असे भर वर्गात सांगणे ज्याला जड जाते, ते मूल कोपीबाहेर, म्हणजे फडावरच्या झोपडीबाहेर, बांधलेल्या बैलाला काय वाटत असेल हे सहज सांगते, आणि बैलाच्या तोंडून स्वतःचेच सांगत असते. विदर्भातील पद्मपूरचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात, रामाचा शोक अनावर झाला असता, एक व्यवहारी विचार घातला आहे: तलाव पुराने तुडुंब भरला, की पाणी बाहेर काढून देणे हाच त्यावर उपाय, त्याप्रमाणे शोकाने क्षुब्ध झालेले हृदय विलापानेच सावरते. ज्याने करुण रसालाच सर्व रसांचे मूळ मानले, त्या कवीने विलापाकडे दुबळेपणा म्हणून पाहिले नाही, हे आमच्या शाळांनी लक्षात घ्यावे.

शाळेत सध्या कवितेचे काय होते? प्राथमिक इयत्तांत ती पाठ केली जाते आणि हातवारे करून म्हटली जाते. माध्यमिक इयत्तांत तिचा भावार्थ सांगितला जातो, अलंकार ओळखले जातात, आणि दहावीच्या कृतिपत्रिकेत तिच्या चौकटी पूर्ण केल्या जातात व ठरावीक मुद्द्यांचे रसग्रहण लिहिले जाते, जे पुष्कळदा मार्गदर्शकातून जसेच्या तसे उतरलेले असते. पाठांतराला माझी हरकत नाही. उलट, लहानपणी पाठ केलेली कविता चाळीस वर्षांनी एखाद्या कठीण प्रसंगी ओठावर येते आणि माणसाला सावरते, असा अनुभव पुष्कळांना असेल. माझी तक्रार निवडीविषयी आहे. लहान मुलांना द्यावयाच्या कविता निवडताना आपण पाऊस, झाडे, पाखरे, स्वच्छता आणि देशभक्ती यांच्या पलीकडे सहसा जात नाही. मृत्यू, विरह, भूक, मत्सर, अपमान हे विषय त्यांना झेपणार नाहीत असे आपणच ठरवितो, जणू ते त्यांच्या घरी येतच नाहीत. मागच्या पिढ्यांतील विद्यार्थ्यांना मेलेले बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या मातेचे गोविंदाग्रजांचे ‘राजहंस माझा निजला’ भेटले होते, आईवाचून राहिलेल्या लेकराच्या व्यथेची यशवंतांची ‘आई’ भेटली होती. त्या कवितांनी मुले खचली नाहीत. आपल्यासारखे दुसऱ्या कोणाला तरी झाले होते आणि त्याने ते सांगितले, हे कळणे हाच दुःखितासाठी पहिला दिलासा असतो.

मात्र दुसऱ्याची कविता वाचणे हा अर्धाच मार्ग झाला. मुलाने स्वतः लिहिले पाहिजे, आणि येथे शिक्षक हमखास अडतो. कारण ‘आता तुमच्या भावना कवितेत लिहा’ असे सांगितले, की वर्ग पेनाचे टोपण चावत बसतो, आणि थोड्या वेळाने ‘आई’ला ‘साई’, ‘घर’ला ‘वर’ अशी यमके जुळवून ऐकीव शब्दांची चळत पुढे येते. अमेरिकन कवी केनेथ कॉक यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहवून घेतल्या आणि १९७० साली ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ या पुस्तकात त्या अनुभवाचा वृत्तांत दिला. त्यांची युक्ती अगदी साधी होती. प्रत्येक मुलाने एकच ओळ द्यावयाची, ती ‘मला वाटते असे व्हावे’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू करावयाची, आणि सर्वांच्या ओळी मिळून वर्गाची एक कविता करावयाची; नंतर ‘पूर्वी मी असा होतो, पण आता’ असे दुसरे पालुपद. यमकाला त्यांनी फाटा दिला, कारण यमक शोधताना मूल खऱ्या शब्दाला सोडून जुळणाऱ्या शब्दामागे धावते, असे त्यांना आढळले.

ही युक्ती आपल्याला परदेशातून आणण्याचीही गरज नाही. भोंडल्याची गाणी म्हणणाऱ्या मुली नेमके हेच करीत आल्या आहेत: एक चरण कायम, त्यात सासू, सासरा, दीर, नणंद यांपैकी एकेक नाते पालटत जाते, आणि गाणे वाढत राहते, खेळता खेळता सासुरवासाचे सारे भय त्या मुली त्या ठरलेल्या चालीत बोलून टाकीत, तेही सासरी जाण्याच्या कितीतरी आधी. भारुडात, पाळण्यात, वासुदेवाच्या गाण्यात पालुपदाचा हाच आधार आहे. तेव्हा शिक्षकाने फळ्यावर ‘रात्री मला ऐकू येते’ किंवा ‘आमच्या घरात आता’ एवढेच लिहावे, आणि पुढचे मुलांवर सोपवावे. पहिल्या दिवशी कोणी कुत्रे ऐकेल, कोणी रेल्वे ऐकेल. तेही खरेच असेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादे मूल काही निराळे ऐकेल. घाई करण्यासारखे यात काहीच नाही, आणि प्रत्येक मुलाच्या मनात दुःख दडलेलेच असणार अशा संशयाने वर्गाकडे पाहणे हा तर मुलांवर अन्याय होईल. ज्याला पतंगाविषयी लिहावयाचे आहे, त्याला पतंगाविषयी लिहू द्यावे.

लिहिताना मुलाने स्वतःची बोली वापरावी, हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. ऊसतोडीला जाणाऱ्यांत बंजारा समाजाची कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरी गोरमाटी बोलली जाते. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, तळकोकणात मालवणी. ज्या भाषेत आईने रागे भरले आणि ज्या भाषेत तिने निजविले, त्या भाषेतच तिच्या वियोगाचे शब्द मुलाला सापडतात. प्रमाण मराठीचे रूप शोधण्यात ते हरवतात. बहिणाबाईंची गाणी ‘शुद्ध’ करून छापली असती तर त्यांचे काय उरले असते, एवढा विचार लाल शाईचे पेन उचलताना प्रत्येक मास्तराने करावा. या वहीत शुद्धलेखनाची चूक काढू नये, शेरा लिहू नये, गुण तर मुळीच देऊ नयेत. कारण ज्या क्षणी दुःखाला दहापैकी सात गुण मिळतात, त्या क्षणी पुढच्या वेळी आठ मिळविण्यासाठी कसे दुःखी व्हावे हे मूल शिकते.

आणि मुलांचे हे लेखन छापण्याची घाईही करू नये. युद्धोत्तर जपानमधील यामागाता प्रांतात, एका डोंगरी गावातील माध्यमिक शाळेत, मुचाकु सेइक्यो नावाचा विशीतला शिक्षक मुलांकडून त्यांच्या जगण्याविषयी निबंध आणि कविता लिहवून घेत असे: कोळसा पाडण्यासाठी बुडालेली शाळा, घरातले दारिद्र्य, बर्फ, आईचा मृत्यू. वर्गात ते लेखन मोठ्याने वाचले जाई, सर्वजण त्यावर बोलत, आणि मुले मिळून आपले मासिक छापून काढीत. १९५१ साली त्याचे ‘यामाबिको गाक्को’ हे पुस्तक झाले, ते देशभर गाजले, त्यावर चित्रपट निघाला. आईच्या मरणाविषयी एका मुलाने लिहिलेल्या निबंधाला शिक्षणमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले होते. त्या मुलांनी जे लिहिले ते जपानी शिक्षणाच्या इतिहासात राहिले, आणि ते वर्गातल्या त्या एकमेकांस ऐकविण्यातून आले, हे मला थोर वाटते. परंतु गावची गरिबी चव्हाट्यावर मांडली म्हणून गावकऱ्यांचा रोष झाला आणि काही वर्षांत त्या शिक्षकाला ते गाव सोडावे लागले, हेही तितकेच खरे आहे. आपल्याकडे २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या व्यासपीठावर एखाद्या पोरक्या मुलीकडून तिच्या बापावरची कविता म्हणवून घ्यावी, श्रोत्यांनी डोळे टिपावेत आणि पाहुण्यांनी तिला पाचशे रुपयांचे पाकीट द्यावे, हा प्रकार मला कविता न शिकविण्याहून वाईट वाटतो. वर्गातल्या सोबत्यांना ऐकवावे की नाही, हेसुद्धा मुलानेच ठरवावे. पान दुमडून ठेवले तर ते शिक्षकानेही उघडू नये.

शिक्षक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, ही हरकत मी पूर्णपणे मान्य करतो. कविता हे औषध नाही. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील दुःखद प्रसंगांविषयी लिहावयास लावले. लिहिल्यानंतर लगेच ते अधिक खिन्न दिसले, पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्यातील खेपा पुढील काही महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अनेक पडताळण्यांत हा लाभ माफकच आढळला. शिवाय ती मुले मोठी होती आणि त्यांनी गद्य लिहिले होते. तेव्हा या प्रयोगावरून लहान मुलांच्या कवितेविषयी फार मोठी अनुमाने काढू नयेत. त्यातून एक व्यावहारिक गोष्ट मात्र घ्यावी: लिहिल्यावर मन प्रथम जड होते, म्हणून हा तास दिवसाचा शेवटचा नसावा, नंतर खेळाची सुटी असावी, मित्र असावेत, शिक्षक जवळपास असावा.

आणि काही वेळा वहीत असे काही उतरेल, की जे ऐकून केवळ मान डोलावणे हा गुन्हा ठरेल. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे त्याच्या लेखनातून कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमान्वये पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला वर्दी देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास २१व्या कलमान्वये शिक्षा आहे. मारहाण, उपासमार किंवा मरण्याचा विचार दिसला, तर १०९८ या बाल मदतवाहिनीची, समुपदेशकाची आणि डॉक्टरची मदत त्याच दिवशी घ्यावयास हवी. ‘तू लिहिलेले मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन म्हणूनच शिक्षकाने देऊ नये. ‘तू लिहिलेल्याची मी कधी थट्टा करणार नाही, आणि तुला धोका असेल तर मी मदत आणीन’, एवढे वचन द्यावे आणि पाळावे. या गोष्टी अध्यापक विद्यालयाच्या पदविका अभ्यासक्रमात आल्या पाहिजेत. त्या उपजत बुद्धीवर सोपवून चालणार नाहीत.

मास्तरांना आधीच कामांचा बोजा आहे, निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यांतून त्यांना शिकविण्यासच वेळ उरत नाही, हे मी जाणतो, आणि त्या बोजात भर घालण्याची माझी इच्छा नाही. आठवड्यातून मराठीचा एक तास, एक साधी वही आणि शिक्षकाचे कान, एवढीच सामग्री यास लागते. मराठी कवितेचा आणि शिक्षकीपेशाचा संबंधही जुना आहे: केशवसुत शाळामास्तर होते, इंदिरा संत बेळगावात अध्यापिका होत्या, आणि १९४६ साली पतीच्या निधनाने कोसळलेले दुःख त्यांनी ज्या संयमाने कवितेत धरले, तो संयम आजही वाचणाऱ्याला शिकविण्यासारखा आहे, साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवीत असता वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत, आणि आईच्या आठवणींचे ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. घरापासून दूर पडलेल्या मुलांमध्ये राहणाऱ्या माणसाला त्यांच्या मनाची भाषा कळू शकते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

प्रारंभ हंगामी वसतिगृहांपासून आणि त्या तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांपासून व्हावा, अशी माझी सूचना आहे. दिवाळीची सुटी संपून मुले परत येतात आणि आईबाप फडावर गेलेले असतात, त्या आठवड्यातच हा तास सुरू व्हावा आणि कोयते गावी परतेपर्यंत चालावा. मार्च-एप्रिलमध्ये वह्या मुलांना परत देण्यात याव्यात. त्या केंद्रप्रमुखाने वा गटशिक्षणाधिकाऱ्याने तपासणीसाठी मागवू नयेत, त्यांची छायाचित्रे कोणत्याही गटावर टाकली जाऊ नयेत, आणि या दोन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई करणारे लेखी परिपत्रक शिक्षण विभागाने हंगाम सुरू होण्यापूर्वी काढावे.